मासा कधी काढावा, कधी राखावा: सॅमनच्या हिशेबावरून तलावाच्या नव्या ठेकेदारांसाठी मार्गदर्शक

येरळेच्या खोऱ्यातल्या एका लहान तलावाचा मासेमारीचा ठेका आमच्या सहकारी संस्थेकडे आला, तेव्हा सभासदांपैकी बहुतेकांना जाळे टाकता येत होते. जाळे कधी टाकू नये, हे मात्र कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिले) सोडून सात-आठ महिने होतात न होतात तोच पैशाची निकड लागली, बारीक आसाची (घरांची) जाळी लावली गेली आणि पाव-अर्ध्या किलोचे कटले बाजारात विकून झाल्यावर हिशेबाला बसलो, तेव्हा बीज, जाळी आणि ठेक्याची रक्कम यांचाही खर्च निघालेला नव्हता. मासा आज काढला तर किती आणि थांबून काढला तर किती, हा हिशेब आम्ही पुढे एका प्रशिक्षणात शिकलो. तो समजावून देणाऱ्या अभ्यासकांनी उदाहरण घेतले होते ते उत्तर पॅसिफिक महासागरातल्या सॅमनचे. सातारा-सांगलीच्या पाण्यात सॅमन कधी येणार नाही, तरी हा प्रश्न त्या माशाइतका उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो, म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर आधी सॅमनचे आणि मग आपल्या तलावाचे पाहू.

हाताशी काय असावे

कागदपत्रांत ठेक्याचा करारनामा, बीज खरेदीच्या पावत्या, बोटुकली सोडल्याच्या दिवसाची नोंद (जात, संख्या, सरासरी लांबी) आणि संस्थेच्या सभेचे इतिवृत्त एकाच फाइलमध्ये ठेवा. साधनांत ताणकाटा किंवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, मोजपट्टी ठोकलेली एक फळी, निरनिराळ्या आसांच्या जाळ्यांचे तुकडे, एक फेकजाळे आणि पाण्याने खराब होणार नाही अशी नोंदवही पुरे होते. आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचे माप. ते घर ताणून मोजायचे की एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजायचे, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून टाका. दोन्ही मापांत दुपटीचा फरक पडतो आणि दुकानदार एक सांगतो, सभासद दुसरे समजतो, यातून आमची एक पूर्ण खेप चुकीची आली होती.

१. सॅमनचा प्रश्न आधी समजून घ्या

पॅसिफिक सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळाशी अंड्यातून बाहेर येतो, काही काळ नदीत काढून समुद्रात जातो, तिथे आपल्या वजनाचा फार मोठा भाग मिळवतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीत परत येतो. अंडी घातल्यावर तो मरतो. त्याच्या जातींपैकी पिंक सॅमनचे सारे आयुष्य दोन वर्षांचे असते; कोहो बहुधा तिसऱ्या वर्षी परततो; चिनूक मात्र तीन ते सात वर्षांच्या वयात कधीही परतू शकतो. नदीत शिरल्यावर सॅमन खाणे बंद करतो, अंगातली चरबी जाळत वर चढतो, आणि जसजसा वर जातो तसतसे त्याचे मांस उतरत जाते.

या जीवनक्रमामुळे त्याला पकडण्याच्या दोन जागा निर्माण होतात. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या मूलनिवासी लोकांनी हजारो वर्षे तो प्रामुख्याने नदीत आणि नदीमुखाशी पकडला. म्हणजे वाढ पूर्ण झालेला, परतीला निघालेला मासा काढला. विसाव्या शतकात इंजिनाच्या बोटी आल्या आणि गळ ओढत नेणारी मासेमारी खुल्या समुद्रात पसरली. समुद्रात सापडणाऱ्या चिनूकमध्ये त्या वर्षी परतणारे मासे असतात, तसेच अजून एक-दोन वर्षे वाढायचे राहिलेले मासेही असतात. समुद्रात पकडल्याने एकूण उत्पादन वाढते की घटते, हा वाद तिथून सुरू झाला. डब्ल्यू. ई. रिकर (१९०८–२००१) या कॅनडाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने तो वाढ, नैसर्गिक मर आणि मासेमारीमुळे होणारी पण पकडीत न दिसणारी मर अशा तीन आकड्यांवर आणून ठेवला. हेच तीन आकडे आपल्याला तलावासाठी काढायचे आहेत.

२. वाढ मोजा

महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेच्या आसपास, प्रत्येक जातीचे किमान तीस मासे मोजा. लांबी आणि वजन दोन्ही लिहा. वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लांबी दहा टक्के वाढली की वजन जवळपास एक-तृतीयांश वाढते आणि लांबी वीस टक्के वाढली की वजन पावणेदोन पटीच्या आसपास जाते. डोळ्यांना मासा ‘थोडाच मोठा झाला’ असे वाटते तेव्हा काट्यावर तो बराच जड झालेला असतो; घाईने जाळे लावणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते.

दुसरी चूक नमुन्याची. एकाच आसाच्या गिलनेटमधून (घरांत मासा अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यातून) मासे घेतले, तर ते जाळे ज्या आकाराचे मासे अडकवू शकते तेवढेच हाती येतात. लहान त्यातून निघून जातात, फार मोठ्यांचे डोके घरात शिरतच नाही. अशा नमुन्यावरून ‘मासा तीन महिन्यांत वाढलाच नाही’ असा निष्कर्ष आम्ही एकदा काढला होता, आणि तो साफ चुकीचा होता, कारण आम्ही मासा नव्हे तर जाळे मोजत होतो. म्हणून नमुन्यासाठी फेकजाळे किंवा तीन-चार आसांचे तुकडे जोडलेले जाळे वापरा.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड झाले की कटला-रोहूची वाढ मंदावते आणि उन्हाळ्याकडे झुकताना पुन्हा वेग घेते. थंडीतल्या दोन महिन्यांच्या आकड्यांवरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

३. मर मोजा

सॅमनसाठी हे काम किती कष्टाने केले जाते ते पाहा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या पॅसिफिक सॅमन आयोगाच्या तज्ज्ञांनी चिनूकच्या गणितात मासेमारी वगळून होणारी वार्षिक मर वयानुसार धरली आहे: दोन वर्षांच्या माशांत ४० टक्के, तीन वर्षांच्यांत ३०, चार वर्षांच्यांत २० आणि त्यापुढे १० टक्के. मासा मोठा होत जातो तशी त्याला खाणाऱ्यांची संख्या घटते, हा त्यामागचा विचार आहे.

तलावात आपल्याला एक सोय आहे: किती बोटुकली सोडली ते आपल्याला ठाऊक असते. त्या वर्षीच्या बीजातून शेवटपर्यंत किती मासे निघाले याची संख्या ठेवली, तर सोडलेल्यांपैकी किती टक्के हाती आले ते कळते. फक्त किलोत नोंद ठेवणाऱ्या संस्थेला हे कधीच कळत नाही, म्हणून काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक क्रेटमधले मासे मोजा. बोटुकली मोजून घेतानाही अंदाजावर विसंबू नका. एका मापात किती येतात ते दोन-तीनदा प्रत्यक्ष मोजून मग मापांनी घ्या.

मर म्हणजे केवळ मेलेला मासा, असे समजू नका. तलावातून जे जे हिशेबाबाहेर जाते ते सर्व मरीत धरावे लागते: मरळीने खाल्लेली बोटुकली, पाणकावळ्यांनी उचललेले मासे, रात्री चोरून लावलेली जाळी, आणि भरल्या पावसात सांडव्यावरून वाहून गेलेला मासा. शेवटचे नुकसान सर्वांत मोठे असू शकते. सांडव्याला जाळी लावायची असेल तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्या आणि तिच्यावर अडकणारा पालापाचोळा रोज काढायला माणूस नेमा. तुंबलेली जाळी धरणाच्या भिंतीला धोक्याची असते.

एक सापळा विशेष ध्यानात ठेवा. दर रात्री दर जाळ्यामागे किती मासे आले, यावरून तलावात किती शिल्लक आहेत याचा अंदाज लोक बांधतात. पाण्याचा फुगवटा तेवढाच राहिला असेल तर हे ठीक आहे. मार्चनंतर आपल्या पूर्व भागातले तलाव आटू लागतात, मासा कमी पाण्यात दाटतो आणि जाळ्यामागची पकड वाढते. त्यावरून ‘मासा भरपूर आहे’ असे ठरवणारा एप्रिलअखेर रिकाम्या हाताने परततो.

४. वाढ आणि जगणूक यांचा गुणाकार करा

सर्व लेखाचा कणा हा आहे, म्हणून थोडे थांबून वाचा. थांबण्याच्या काळात सरासरी वजन जितक्या पटीने वाढते आणि जितका भाग जिवंत राहतो, त्या दोन आकड्यांचा गुणाकार एकापेक्षा जास्त आला तर थांबण्यात फायदा आहे. कमी आला तर आजच काढावे.

चिनूकचे आकडे यात घालून पाहू. तीन वर्षांच्या शंभर माशांपैकी वर्षाने सत्तर उरणार असतील, तर बरोबरी होण्यासाठी प्रत्येकाचे वजन साधारण १.४३ पट व्हायला हवे. चार वर्षांच्या माशाला १.२५ पट पुरते. समुद्रात ऐन वाढीला लागलेला चिनूक या वयात वर्षभरात याहून चांगलेच जास्त वजन घेतो, म्हणून अपुऱ्या वाढीचा मासा समुद्रात पकडला की एकूण वजनात तूट येते. रिकर आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांच्या आग्रहाचे मूळ या साध्या गुणाकारात आहे.

आता तलावाचे उदाहरण. यातले आकडे केवळ समजावण्यासाठी धरले आहेत. समजा, आज शंभर कटले प्रत्येकी ८०० ग्रॅमचे आहेत, म्हणजे ८० किलो. सहा महिन्यांनी सरासरी दीड किलो होईल आणि सत्तर मासे उरतील, तर १०५ किलो मिळतील, थांबावे. पन्नासच उरणार असतील तर ७५ किलो मिळतील. वजनात तोटा आहे. बरोबरीसाठी किमान चोपन्न मासे उरायला हवेत. पण बाजारात दीड किलोच्या माशाला किलोमागे जास्त दर मिळतो, हे विसरू नका. लहान माशाला १०० आणि मोठ्याला १४० रुपये दर धरला, तर आजचे ८० किलो ८,००० रुपये देतात आणि नंतरचे ७५ किलो १०,५०० रुपये. वजन घटूनही पैसा वाढला. तेव्हा गुणाकारात दराचाही पट घ्या आणि त्यातून त्या सहा महिन्यांच्या राखणीचा खर्च वजा करा.

सॅमनच्या बाबतीत दर उलट्या बाजूनेही ओढतो. खुल्या समुद्रात गळाने एकेक करून पकडलेला, चकचकीत खवल्यांचा मासा चांगल्या किमतीला जातो, आणि नदीत वर चढलेल्याचे मांस उतरलेले असते. म्हणून वाढ पूर्ण झालेली आणि मांस अजून उतरलेले नाही, असा नदीमुखाजवळचा थोडासा काळ तिथे मोलाचा ठरतो.

५. पकडीत न दिसणाऱ्या मृत्यूंची नोंद ठेवा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात दोष कोणाचाच दिसत नाही आणि नुकसान सर्वांचे होते. आग्नेय अलास्कात गळ ओढणाऱ्या बोटींना २८ इंचांहून, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटरहून आखूड चिनूक ठेवता येत नाही. तो गळातून सोडवून पाण्यात परत टाकावा लागतो. नियम चांगला आहे. पण गळ डोळ्याजवळ किंवा कल्ल्यात लागलेला, ओढून थकलेला, खवले गेलेला मासा सोडल्यावर जगेलच असे नाही. सोडलेल्यांतले काही मरतात, गिलनेटमध्ये अडकून निसटलेल्यांतलेही काही मरतात, आणि यांतला एकही कोणाच्या पकडीच्या नोंदीत येत नाही. जिथे लहान मासे दाट आहेत तिथे मोठ्यांसाठी गळ टाकला, तर किमान लांबीच्या नियमाचा बराचसा लाभ या मृत्यूंत वाहून जाऊ शकतो.

आपल्याकडे हेच गिलनेटमध्ये घडते. संध्याकाळी लावलेले जाळे सकाळी उचलले, तर त्यातला लहान मासा बहुधा मेलेला असतो, आणि तो ‘लहान आहे, सोडून द्या’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा मासा फारच लवकर दगावतो. यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. जाळे पहाटे लावून दोन-तीन तासांत उचलायचे. बोटुकली दाटलेल्या उथळ कडेला जाळे लावायचेच नाही. आणि मेलेला लहान मासा फेकून न देता त्याची संख्या नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहायची. तिसरी गोष्ट करायला सभासद सुरुवातीला तयार नव्हते, कारण त्या रकान्यातून आपली चूक दिसते अशी भीती होती. दोन महिन्यांनी त्याच रकान्यावरून कोणत्या कडेला जाळे लावू नये हे ठरले.

६. आस ठरवा

प्रत्येक आस एका ठरावीक जाडीचा मासा अडकवतो. कटल्याचे अंग उंच आणि डोके मोठे, मृगळ सडपातळ. त्यामुळे एकाच आसात कटला आखूड असतानाच अडकतो आणि मृगळ बराच लांब झाल्यावर अडकतो. रोहू या दोघांच्या मध्ये येतो. एकाच जाळ्याने तिन्ही जातींना न्याय देता येत नाही. ज्या जातीची वाढ तलावात सर्वांत चांगली होते, तिच्या दृष्टीने आस ठरवावा आणि उरलेल्यांसाठी शेवटी ओढजाळे लावावे.

सॅमनच्या समुद्री मासेमारीला हीच अडचण अधिक गंभीर रूपात भोगावी लागते. समुद्रात अनेक नद्यांचे सॅमन एकत्र चरत असतात. एका नदीची पैदास जोमाची, दुसरीची मोडकळीला आलेली. पण गळाला नदी ओळखता येत नाही. जोमाच्या नदीला झेपेल एवढी मासेमारी केली तर दुबळ्या नदीचा मासा संपत जातो. नदीमुखाशी पकडले तर निदान कोणत्या नदीचा मासा काढतो आहोत हे कळते.

आसाबद्दल आणखी एक गोष्ट. चिनूकचा सरासरी आकार विसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत गेल्याचे रिकर यांनी दाखवले होते. त्याचे एक कारण समजायला सोपे आहे: जो मासा जास्त वर्षे समुद्रात राहतो, त्याला तितक्या जास्त हंगामांत गळाला तोंड द्यावे लागते, म्हणून परत येणाऱ्यांत वयस्क आणि मोठे मासे कमी होत जातात. मोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या काढत राहिल्यास लवकर परतणाऱ्या लहान माशांची संतती जास्त उरते, ही भीतीही त्यात आहे. तलावातल्या कटला-रोहूला हे दुसरे कारण लागू पडत नाही, कारण ते साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत आणि बीज दरवर्षी मत्स्यबीज केंद्रातून येते. हीरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे प्रेरित प्रजननाचा (संप्रेरक टोचून माशाला अंडी घालायला लावण्याचा) प्रयोग यशस्वी केला, त्यावर आजचा हा सारा बीजपुरवठा उभा आहे. मात्र मरळ आणि ओढ्यांतले स्थानिक मासे आपले आपणच वाढतात. त्यांतले सर्वांत मोठे नर-मादी काढून घेऊ नका, आणि पिलांचा थवा राखणारी मरळ कोणत्याही दराला विकू नका.

७. वेळ ठरवा

पावसाळ्याचे पहिले दोन-अडीच महिने जाळे बंद ठेवा. त्याचा मुख्य लाभ स्थानिक माशांना होतो. त्यानंतरचा निर्णय पाण्यावर आहे. धोम, कण्हेर यांसारख्या मोठ्या जलाशयांत मासा दोन-तीन वर्षे राखता येतो. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या भागांतले पुष्कळ लहान तलाव उन्हाळ्यात तळाला जातात, आणि तिथे गुणाकार कितीही चांगला आला तरी पाणी संपण्याआधी मासा काढावाच लागतो. तुमचा तलाव टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ योजनेच्या पाण्याने भरला जात असेल, तर आवर्तनाच्या (पाणी सोडण्याच्या पाळीच्या) संभाव्य तारखा पाटबंधारे कार्यालयातून विचारून घ्या. एका आवर्तनाने वाढीचे दोन महिने मिळू शकतात.

मासा राखणे आणि मासा वाचणे यांत पाणी असते, हे सॅमनच्या देशातही दिसले आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची सॅमनची समुद्री मासेमारी २००८ आणि २००९ मध्ये, आणि पुन्हा २०२३ आणि २०२४ मध्ये बंद ठेवावी लागली. पहिल्या वेळी पिले समुद्रात उतरली तेव्हा तिथे त्यांना पुरेसे अन्न नव्हते. दुसऱ्या वेळी दुष्काळाने नद्या आटल्या आणि तापल्या होत्या. बोटी थांबवणे हा त्यातला एकच उपाय होता. म्हणून मासेमारीचे नियोजन करताना तलावाचा मृतसाठा (दारातून बाहेर न जाणारे तळाचे पाणी) किती आणि उपसा कोण करते, याची चौकशी ठेका घेण्याआधीच करा.

८. थांबण्याचा ठराव सर्वांकडून लेखी घ्या

मी राखलेला मासा दुसऱ्याने काढला, तर मी पुन्हा राखणार नाही. सॅमनच्या बाबतीत हा दुसरा म्हणजे दुसरा देश असू शकतो. नदी कॅनडाची, पिले तिथली, आणि मासा पकडला अलास्काच्या पाण्यात, असे होत असल्यामुळे अमेरिका आणि कॅनडा यांनी १९८५ मध्ये सॅमनचा करार केला. त्याआधी १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने ज्या देशाच्या नदीत मासा जन्मतो त्या देशाकडे त्याची मुख्य जबाबदारी दिली होती, आणि १९९२ च्या करारानंतर उत्तर पॅसिफिकमध्ये किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे सॅमनची मुद्दाम मासेमारी करण्यास सदस्य देशांनी मनाई केली. नदी राखण्याचा खर्च करणाऱ्याला पिकलेला मासा मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

संस्थेत हेच सभेच्या ठरावाने करावे लागते. ठरावात किमान आस, जाळे लावण्याचे आणि उचलण्याचे तास, बंदीचे महिने, पहिल्या पकडीची तारीख आणि भंग झाल्यास दंड लिहा. ज्या सभासदाच्या घरी मधल्या काळात चूल पेटण्याची पंचाईत आहे, त्याला विक्रीच्या हिश्श्यातून आगाऊ रक्कम देण्याची तरतूदही त्याच ठरावात करा. ती नसेल तर बारीक आसाचे जाळे रात्री पाण्यात उतरणारच, आणि त्याबद्दल त्या माणसाला दोष देणे मला पटत नाही. काठावरच्या गावांच्या ग्रामपंचायतींना ठरावाची प्रत द्या, एक प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आवक क्रमांकासह नोंदवून घ्या, आणि मान्य झालेल्या आसाच्या जाळ्याचा हातभर तुकडा कापून, त्यावर अध्यक्षांच्या सहीची चिठ्ठी शिवून, संस्थेच्या कार्यालयात टांगून ठेवा, म्हणजे वाद झाला तर जाळे आणून त्या तुकड्याशी लावून पाहता येते.